एकवीस टाक्यांचा रुसवा

कापसाच्या दोन बोळ्यांनी मी एका माणसाचा डाव मोडला. डाव म्हणजे पत्त्यांचाच. पण ज्याचा तो होता त्याने त्यावर पाच वर्षं घालवली होती, आणि मी मोडल्यावर त्याने पुन्हा दुसरा मांडला नाही. ही हकिकत मी लपवून ठेवली असंही नाही. गंमत म्हणून पुष्कळांना सांगितली, फक्त ज्याला सांगायला हवी होती त्याला सोडून. म्हणून आज ती नीट लिहितो. तीत माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. सगळं कौतुक धर्माजींचं आहे.

एकोणीसशे वीस सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मी आगरदांड्याच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. समोर खाडी, पलीकडे दिघी, आणि मधे शिडाची तर, म्हणजे उतारू पार नेणारी होडी. तर सुटायची ती पाणी आणि वारा या दोघांचं एकमत झालं म्हणजे, आणि त्यांचं एकमत वेळेवर झालेलं मी फार वेळा पाहिलं नाही. तोवर उतारू धक्क्यावरच्या नारळीच्या झापांच्या मांडवात बसून राहत. गाठोडी, कोंबड्या, मासळीच्या पाट्या, आजारी म्हातारे, सगळी वाट बघत.

मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात धर्माजी शिडं शिवत. उंच, हाडकुळा माणूस. डोक्यावर काळी टोपी आणि टोपीत खोचलेली वीतभर सुई. तळहातावर चामड्याची पट्टी बांधलेली असे. तिच्यावर सुई रेटून ते जाड कापडातून पार करत. दोन वर्षांत मी त्यांचे पाय नीट पाहिल्याचं आठवत नाही, कारण कमरेखाली नेहमी कुणाचं तरी शीड पसरलेलं असे. शीड शिवून झालं की एक डोळा मिटून ते शिवणीकडे बघत आणि कापडालाच विचारत, "बरोबर झालं का रे? आन मजा आली का?"

हे दोन प्रश्न ते कशालाही विचारत. जेवणाला, भजनाला, लग्नाला. एकदा दोन भावांच्या नारळीच्या बांधावरून पंच बसले होते. निकाल लागला, आणि दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले. धर्माजी उठून म्हणाले, "निकाल बरोबर झाला, त्यात वाद न्हाय. पन मजा आली का कुनाला?" धाकट्याने काठी उगारली. ती टोपीतल्या सुईला लागून सुई पंचांच्या पानाच्या तबकात जाऊन उभी राहिली. ते बघून थोरला हसला, थोरला हसतो म्हणून धाकटाही हसला. "आता झालं," धर्माजी म्हणाले, आणि सुई पुसून पुन्हा टोपीत खोचली.

त्यांचं म्हणणं असं की, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि लोक त्यांचा घोटाळा करतात. "नुसतं बरोबर असलं की झोप येती. नुसती मजा असली की मारामारी व्हती. दोन्ही बाजूंनी सारखा वारा खाईल आन तरी फडफडंल, असं शीड एकांदंच जमतं."

पत्त्यांत त्यांनी तेच जमवायला घेतलं होतं. मांडवात दुपारी चौघे बसत: धर्माजी आणि किराण्याचे गुजराती दुकानदार नथूशेट एका बाजूला, तर हाकणारे तांडेल दाऊदचाचा आणि चौथा मिळेल तो दुसऱ्या बाजूला. मी आल्यापासून चौथा मी. डाव साधा हुकमाचा. पण त्यात धर्माजींनी एक कलम घातलं होतं, आणि त्या कलमासाठी मुरूड-काशीदपासूनची माणसं मुद्दाम तर चुकवत.

कलम असं. बदामांचा गुलाम ज्याच्या वाट्याला येईल तो त्या डावापुरता जावई. जावयाने डावात एकदा, मनाला येईल तेव्हा, पानं पालथी टाकून रुसायचं. मग समोरच्या दोघांनी सासरची माणसं होऊन त्याची समजूत काढायची. मांडवातल्या कुणालाही ते मदतीला बोलावू शकत. जावयाच्या जोडीदाराने मात्र त्याचा मामा होऊन आगीत तेल ओतायचं. मुदत एकवीस टाक्यांची. धर्माजी समजूत काढणाऱ्यांत असोत की नसोत, सुई त्यांच्या हातात चालूच असे आणि टाके ते मोठ्याने मोजत. एकवीस टाक्यांत जावई हसला, नुसता दात जरी दिसला, तर त्याने आपली दोन मोठी पानं सासरच्यांना द्यायची आणि त्यांची हलकी घ्यायची. टिकला तर सासरच्या दोघांनी एकेक मोठं पान आहेर म्हणून द्यायचं.

हे सुचलं कसं, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांची सासुरवाडी दिघीची. पहिल्या दिवाळसणाला त्यांना काठाचं उपरणं हवं होतं आणि मिळालं बिनकाठाचं.

"मी रुसलो. भितीकडं तोंड करून बसलो. आता समजूत काढतील, मंग काढतील. कुनी येईना. मी पन वळून बघीना, मान राखायचा व्हता. दुपार उतरली तवा मान आखडली म्हनून वळलो, तं घरात चिटपाखरू न्हाय. रापण लागलेली. गाव झाडून समुद्रावर, जाळं वडायला. मी सकाळपासनं नुसत्या भितीवर रुसलेलो."

"मग?"

"मंग सासू आली. पाटीभर मासळी खाली ठिवली आन म्हनली, जावयबापू, बरं झालं तुमी घर राखलंत."

त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की जगात रुसणाऱ्याला नियम नाहीत. मुदत नाही, समजूत काढायला कुणी बांधलेलं नाही. "रुसनाऱ्यालाबी कायदा पायजे, नाकेदार." मी साधा कारकून, पण ते मला नाकेदारच म्हणत.

कलम बरोबर आहे की नाही हे ठरवायला त्यांनी खांबाला तीन करवंट्या टांगल्या होत्या. जावई टिकला तर पहिल्या करवंटीत एक शिंपला, हसला तर दुसऱ्या करवंटीत. तिसरी करवंटी मजेची. तिच्यात शिंपला पडायचा तो खेळत नसलेलं कुणी हसलं तरच. "खेळनारा हसला तं ते खेळनाऱ्याचं काम. बघनारा हसला तं मजा." पहिल्या दोन करवंट्या सारख्या भरल्या पाहिजेत आणि तिसरी ओसंडली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

त्यासाठी पाच वर्षं दुरुस्त्या चालल्या होत्या. मुदत आधी एक्कावन्न टाक्यांची होती, तेव्हा एकही जावई टिकेना. ती एकवीसवर आणली. गुदगुल्यांना आधी मुभा होती, पण नथूशेट गुदगुल्यांनी लोळत लोळत धक्क्यावरून चिखलात गेले आणि तांदूळ चाळायच्या चाळणीसारखे अंगातून गळत वर आले. तेव्हा धर्माजींनी उभं राहून जाहीर केलं, "आजपासनं गुदगुल्या बंद." आणि एकदा चौथा म्हणून बसलेला म्हसळ्याकडचा एक शेतकरी रुसला, सासरच्यांनी समजूत काढायला सुरुवात केली आणि तो ढसाढसा रडायला लागला. त्याच्या लग्नात खरोखर कुणी त्याला 'बस' म्हणालं नव्हतं. त्याचं सगळं ऐकून घेईपर्यंत पाणी उतरलं आणि तर सुटायची राहिली. त्यावरून नवीन पोटकलम आलं: रुसवा खरा निघाला तर डाव मोडायचा आणि जावयाला चहा द्यायचा.

असा हा सगळा व्यवहार दोन्ही करवंट्या जवळजवळ सारख्या भरत चालला होता, आणि तिथे मी आलो.

आता माझं सांगतो. माझं हसणं चांगलं नाही. तेल न घातलेला रहाट फिरतो तसा आवाज येतो, आणि एकदा सुरू झाला की रहाटासारखाच आपोआप थांबत नाही. नोकरीला लागण्याआधी मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे काका आम्हाला पाट देताना स्वतःच्याच धोतरात पाय अडकून पाटावर बसले, आणि मला हसू फुटलं. त्या मंडळींना वाटलं, मुलाला फेपरं आलं. काकांनीच कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मी कांद्यामुळे रडत होतो आणि काकांमुळे हसत होतो. स्थळ अर्थातच मोडलं. तेव्हापासून मी चारचौघांत हसायचं सोडलं होतं. त्यातून नाक्यावरची नोकरी. ज्यांची गाठोडी सोडून बघायची त्यांच्यासमोर रहाट फिरवायचा म्हणजे कठीण.

पहिल्यांदा बदामांचा गुलाम माझ्या हातात आला तो योगायोगाने मुरूडच्या एका मुंजीहून आल्यावर. कानात हिन्याच्या अत्तराचे फाये होते, कानाच्या पाळीत, सगळे ठेवतात तसे. मी पानं पालथी टाकली आणि घाम पुसल्यासारखं करून दोन्ही फाये आत दाबले. जग एकदम दूर गेलं. समोर नथूशेटचे ओठ हलत होते, मांडव लोळत होता, आणि मी टिकलो.

दुसऱ्या दिवशी मुंज नव्हती, तरी मी अत्तर लावलं.

सगळे म्हणू लागले, नाकेदार शौकीन आहेत. मासळी विकणाऱ्या पारूबाई म्हणायच्या, "आमच्या पाटीजवळ बसा हो, अत्तरवाले, गिऱ्हाइकाला वास येनार न्हाय." धर्माजी तर वासावरून मला ओळखत. एकदा रुसवा संपल्यावर त्यांनी मला काही विचारलं आणि मला ऐकूच आलं नाही. मी तसाच समोर बघत राहिलो. ते आदराने दाऊदचाचांना म्हणाले, "नाकेदार अजून उतरले न्हाईत रुसव्यावरनं. मन कसं, तानलेल्या शिडासारकं." हे मला चाचांनी नंतर सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण फाये काढून ठेवले नाहीत.

बोळे होते तरी सगळंच काही अडत नसे. तुकडे तुकडे ऐकू येत. राहिलेलं संध्याकाळी चाचा नाक्याच्या ओट्यावर बसून नकलांसह सांगत. नथूशेट हात जोडून म्हणाले होते, "जमाईबापू, रुसू नका. गूळ ओलो निघालो तर बदलून देऊ, पण पोरी केम बदलूं?" पारूबाईंनी आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला पुढे ढकललं होतं: "जावयबापू, घोडा पायजे म्हनता, घोडा न्हाय. पन ह्येंना घाला खोगीर. चावायची भीती न्हाय, दात गेलं समदं." आणि म्हातारा प्रामाणिकपणे तोंड उघडून दाखवत होता. मामा झालेले चाचा वर म्हणत होते, "बसा तसेच. पान दिला नाय, सुपारी दिली नाय. याला काय सासर म्हनतात?"

चाचा घरी गेले की मी नाक्याच्या कोठीत जाई, दार लावी, भाताच्या गोणीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसे. मग तोंडावरचा कोंडा झटकून बाहेर येई.

सत्तावीस वेळा मी जावई झालो आणि सत्तावीस वेळा टिकलो. पहिली करवंटी भरत चालली. धर्माजी तिच्याकडे बघून अस्वस्थ होत. त्यांनी मुदत पंचवीस टाक्यांची करून पाहिली. मी टिकलो. मुदत पुन्हा एकवीसवर आणून, जावयाने समोर बघितलंच पाहिजे असं ठरवलं. मी समोर बघत टिकलो. त्यांना माझा संशय एकदाही आला नाही. संशय आला तो त्यांना स्वतःच्या कलमाचा.

त्यातच नथूशेटनी एक बातमी आणली. मुंबईला त्यांचे मावसभाऊ पत्त्यांचे जोड छापून घेत. नथूशेटनी त्यांना हा डाव सांगितला होता, आणि त्यांना तो इतका आवडला की ते वेगळा जोड छापायला तयार झाले. बदामांच्या गुलामाच्या जागी पगडी घातलेला, गाल फुगवलेला जावई, आणि सोबत नियमांचा कागद. कागदावर धर्माजींचं नाव.

धर्माजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. शिवताना मधेच थांबून ते हवेत बोटाने काहीतरी काढत. मी विचारलं, तर म्हणाले, "जावयाची पगडी." पण नथूशेटना त्यांनी अट घातली. "आधी दोन्ही करवंट्या सारक्या होऊं दे. लंगडा डाव लोकांना द्यायचा न्हाय. माझं नाव घिऊन लोक घराघरांत भांडतील."

शिमग्यानंतर नथूशेट मुंबईला निघाले. आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळची. त्या दुपारी धर्माजींनी शिंपले मोजले. मी सोडून बाकीचे जावई या दुरुस्त्यांत इतके हसले होते की पहिल्या करवंटीत एकच जास्त होता. "शेवटचा डाव," ते म्हणाले. "जावई हसला तं दोन्ही सारक्या. मंग शेट, तुमी कागद घिऊन जा."

बदामांचा गुलाम माझ्या हातात आला.

मी शपथेवर सांगतो, मी हसायचं ठरवलं होतं. फाये पाळीत होते, आत दाबले नव्हते. हसायचं, मग लोक काही म्हणोत, असं मनाशी पक्कं करून मी पानं पालथी टाकणार, तोच दिघीकडून एक वऱ्हाड उतरलं. पाणी ओसरत आलं होतं, बैलगाड्या यायच्या होत्या, म्हणून सगळं वऱ्हाड मांडवात शिरलं. नवरा मुंडावळ्यांसकट, वाजंत्रीवाले, करवल्या. आणि त्यांच्या पुढे धोतर सावरत काका. तेच, कांद्याचे.

काकांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं. बाजूच्याला म्हणाले, "यांना कुठं तरी बघितल्यासारखं वाटतं."

मी पानं टाकली आणि दोन्ही फाये आत दाबले.

मांडवात त्या दिवशी जे झालं ते तसं पुन्हा होणार नाही. नथूशेटनी सगळ्या वऱ्हाडाला समजूत काढायला लावलं. खरा नवरा माझ्या पाया पडला. करवल्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या. पारूबाईंनी सुरमईची शेपटी माझ्या तोंडासमोर चवरीसारखी ढाळली. सनईवाल्याने सनई फुंकली, पण फुंकताना त्याला हसू आल्याने तिच्यातून शेळीसारखा आवाज निघाला, तो मला फायांतूनही ऐकू आला. काका तर डोळे पुसत होते. आणि या सगळ्यांत फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक मी, आणि दुसरे धर्माजी. ते माझ्याकडे बघत टाके घालत होते. मला त्यांचे ओठ वाचता येत होते. अठरा. एकोणीस. त्यांच्या चेहऱ्यावर अशी विनवणी होती, की आजही ती आठवली की मी कूस बदलतो. वीस. एकवीस.

वऱ्हाड गाड्यांत बसून गेलं. धर्माजींनी शिंपला उचलला, पहिल्या करवंटीत टाकला. मग मजेच्या करवंटीतही एक टाकला, ती केव्हाच ओसंडून वाहत होती.

"मजा हाय," ते म्हणाले. "पन बरोबर न्हाय."

नथूशेट चिडले. "अरे धर्माजीभाई, एका दगडासाठी आखी दुनियानी मजा सोडायची? नाकेदारला सोडा ना बाजूला."

"असं कसं सोडायचं शेट? कायदा तं समद्यांसाठी असतो. ज्या मानसाला डाव हलवीत न्हाय, तो त्या डावात नुसता लुटत बसनार. असा घराघरांत एकेक असतोच. त्यांची काय चूक न्हाय." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुमची काय चूक न्हाय, नाकेदार."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. कानातून बोळे काढून त्यांच्या हातावर ठेवले असते, तरी पुरलं असतं. मी मान खाली घातली, आणि ते त्यांना विनयासारखं दिसलं.

त्यांनी जोडातून बदामांचा गुलाम काढला. मांडीवर चाचांच्या तरीचं नवं शीड होतं. त्याच्या कोपऱ्याला मेणकापडाचं ठिगळ लावायचं होतं. गुलाम त्यांनी ठिगळाखाली ठेवला आणि शिवून टाकला. एकवीस टाके. या वेळी मोठ्याने मोजले नाहीत.

त्यानंतर मांडवात पत्ते खेळले जात, पण साधे. गुलामाच्या जागी कोऱ्या कागदाचं पान. लोक खेळत आणि जांभया देत. तर उशिरा आली की आता चाचांना शिव्या बसत. आधी उशीर कुणाला कळतही नसे. करवंट्या खांबावरून उतरल्या. एकदा मी धर्माजींना धीर करून विचारलं, दुसरं काही कलम सुचतं का? ते म्हणाले, "सुचत न्हाय. आन सुचलं तरी भ्या वाटतं. माझ्या नजरंत चूक दिसली न्हाय पाच वर्सं." शिवण झाल्यावर ते कापडाला आता एकच प्रश्न विचारत: बरोबर झालं का. दुसरा विचारत नसत.

वर्षभराने माझी रोह्याकडे बदली झाली. पुढे लग्न झालं. बायकोने माझं हसणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती परसदारी जाऊन रहाट बघून आली, आणि मग ती माझ्याहून जास्त हसली. त्यामुळे मी सुधारलो. चारचौघांत हसायला लागलो, गप्पा सांगायला लागलो, आणि त्यांत ही फायांची हकिकत हमखास रंगायची. गेल्या दिवाळीत मी ती पाहुण्यांना सांगितली. सगळे हसले. पाहुणे गेल्यावर बायको जेवणाची पानं उचलता उचलता म्हणाली, "त्या धर्माजींना सांगितलंत का हे कधी?"

"नाही."

"मग यात गंमत कुठली?"

मी चार दिवसांनी आगरदांड्याला गेलो.

आता खाडीवर यंत्राची लाँच आहे. ती घड्याळावर सुटते. दाऊदचाचा पैगंबरवासी झाले, नथूशेट मुंबईला गेले ते तिथलेच झाले. मांडव आहे, पण झापांच्या जागी एक जुनं शीड आडवं ताणलेलं आहे. ते चाचांच्या तरीचं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, खांबाला बांधलेल्या टोकाशी, मेणकापडाचं ठिगळ. आणि त्याखाली धर्माजी. थकलेले. मांडीवर शीड नव्हतं, लाँचवाल्यांचं बसायचं गोणपाट होतं, म्हणून पहिल्यांदाच मला त्यांचे पाय दिसले. बारीक, बगळ्यासारखे.

"कोन?" ते म्हणाले. त्यांना नीट दिसत नव्हतं.

"नाकेदार."

"वास न्हाय आला," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. न थांबता, खाली बघून. कापूस, अत्तर, काका, सगळं.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"लगीन आलं व्हतं, तवा पन?"

"तेव्हाही."

धर्माजींनी गोणपाट बाजूला ठेवलं, सुई टोपीत खोचली आणि खांबाकडे तोंड करून बसले.

रुसवा खरा निघाला तर चहा द्यायचा असं कलम होतं. मी पलीकडच्या टपरीवरून चहा आणवला. त्यांनी हात मागे करून पेला घेतला, पूर्ण प्यायले, पेला परत केला. तोंड खांबाकडेच. तेवढ्यात पाटी घेऊन पारूबाई आल्या, आता पार म्हाताऱ्या झालेल्या. काय चाललंय हे त्यांना क्षणात कळलं असावं. पाटी उतरवून त्या धर्माजींच्या बाजूला बसल्या आणि मामा झाल्या. "बसा तसंच धर्माजी. बारा वर्सांनी आलंय, आन अत्तराचा फाया सुदीक आनला न्हाय ह्यांनी."

धर्माजींनी न वळता कमरेचा चाकू काढून माझ्याकडे सरकवला आणि बोटाने वर, ठिगळाकडे दाखवलं.

मी उभा राहिलो आणि पहिला टाका उसवला. "माझं चुकलं, धर्माजी."

"येक," ते म्हणाले. "ह्ये तं समदेच म्हनतात. जावई हाय मी. समजूत काढा."

मला समजूत काढता येत नाही. जन्मात कुणाची काढली नव्हती. मी नथूशेटचा ओला गूळ सांगून पाहिला. "चार." पारूबाईंच्या सासऱ्याचे दात सांगून पाहिले. "जुनं हाय. नऊ." काठाचं उपरणं देतो म्हटलं. "बारा," ते म्हणाले, आणि पारूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात काठ घिऊन करायचंय काय?" टाके खारट हवेने कडक झाले होते, चाकू सटकत होता. चौदा. पंधरा. दुसरं काही सुचेना, म्हणून मी कांद्याची गोष्ट सांगितली. ही मी पाहुण्यांनाही कधी सांगितली नव्हती. फाये सांगायचो, कांदा वगळून. काका पाटावर कसे बसले, मी कसा रडत होतो, काकू माझ्या तोंडाशी वहाण घेऊन कशी उभी होती, आणि मुलगी दाराआडून, मेला का, म्हणून विचारत होती.

"अठरा," धर्माजी म्हणाले, पण आवाज नीट निघाला नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. चेहरा दिसत नव्हता. फक्त टोपीत खोचलेली सुई थरथरत होती.

ती सुई बघून मला फुटलं. रहाट सुरू झाला, भर दुपारी, लाँचच्या उतारूंसमोर. सगळे वळून बघायला लागले. पारूबाई म्हणाल्या, "अगो बाय, कांदा आना कुनीतरी," आणि पदरात तोंड घालून पाटीवर आडव्या झाल्या. मी हसत हसत विसावा टाका उसवला. हसत हसत एकविसावा. ठिगळ सुटलं आणि बदामांचा गुलाम माझ्या हातात पडला. बदाम उडून गेले होते, मिशी तेवढी शिल्लक होती.

तो मी त्यांच्या हातात ठेवला, आणि रहाट थांबत नव्हता तरी त्यातूनच म्हणालो, "मजा आली होती, धर्माजी. सत्तावीसच्या सत्तावीस वेळा आली होती, कोठीत जाऊन गोणीत तोंड घालून हसलो आहे मी. आणि तुमचा डाव बरोबर होता. बरोबर नव्हतो तो मी. मला क्षमा करा."